गाडी नाही, हॉर्न नाही, घाई नाही!

ग्रीस म्हटलं की डोळ्यांसमोर येतात सँटोरिनीचे निळे घुमट. पण मोजून आठ दिवसांच्या रजेत अथेन्स, मिकोनोस आणि सँटोरिनी कोंबलं की होतं काय? रोज बॅग भरा, बोट पकडा, फोटो काढा, पळा. यापेक्षा ऑफिसातला महिनाअखेर बरा! म्हणून त्यातला एक अख्खा दिवस हायड्राला देऊन टाका. ग्रीक लोक या बेटाला 'इद्रा' म्हणतात.

अथेन्सच्या मोनास्तिराकी स्टेशनातून मेट्रोने पिरेअस बंदर गाठायचं आणि तिथून हायस्पीड बोटीने साधारण दीड-दोन तास. हायड्रा, पोरोस, एजिना अशा तीन बेटांची एका दिवसाची क्रूझही मिळते. एका तिकिटात तीन बेटं, मोह होणारच! पण त्यात हायड्राच्या वाट्याला जेमतेम दोनेक तास येतात. तेवढ्यात कॉफी होते, पोहणं राहून जातं.

बोटीतून उतरलात की पहिल्यांदा जाणवते ती शांतता. कचरागाडीसारखे मोजके अपवाद सोडले तर बेटावर मोटारगाड्यांना बंदी आहे. आपलं माथेरान आठवेल, फक्त खाली दरीऐवजी समुद्र. धक्क्यावर खेचरं रांगेत उभी असतात. कुणाच्या पाठीवर सुटकेस, कुणाच्या पाठीवर सिमेंटची पोती. वर चढत गेलेली करड्या दगडांची वाडेवजा घरं जुन्या दर्यावर्दी कप्तानांची. व्यापारात गब्बर झालेल्या याच मंडळींनी 1821च्या स्वातंत्र्ययुद्धात आपली जहाजं लढाईला दिली. सोफिया लॉरेनच्या 'बॉय ऑन अ डॉल्फिन' (1957) या सिनेमाचं शूटिंग इथलंच. गायक-कवी लेनर्ड कोहेनने 1960मध्ये इथे घर घेतलं ते उगाच नाही.

बंदरावर एक गारेगार फ्रेडो एस्प्रेसो मागवा. सोबत 'अमिग्दालोता' हवंच. बदामाची ही मऊ मिठाई म्हणजे हायड्राची खासियत. कप रिकामा झाला तरी कुणी बिल आणून आपटत नाही. 'सिगा सिगा', म्हणजे सावकाश, हा इथला मंत्र.

मग पश्चिमेकडे चालायला लागा. पाचेक मिनिटांत जुन्या तोफा आणि त्यांच्याखाली स्पिलियाचे खडक लागतात. वाळू नाही, शिडी उतरलं की थेट खोल निळं पाणी. पट्टीच्या पोहणाऱ्यांनी खुशाल सूर मारावा. आपल्यापैकी बरेच जण मात्र सोसायटीच्या पूलमध्ये, कडेला धरून पोहायला शिकलेले. त्यांनी आणखी पंधरा मिनिटं चालून कामिनी गाठावं. तिथे गोट्यांचा छोटा किनारा आणि उथळ पाणी आहे, ग्रीक आज्या नातवंडांना घेऊन डुंबत असतात. इथलं पाणी बरंच खारट, त्यामुळे अंग सहज तरंगतं. खडकांवर काटेरी समुद्री अर्चिन असतात, तेव्हा पायात रबरी बूट हवेतच.

दमून भूक लागली की सरळ 'ताव्हेर्ना'. शाकाहारींनो, घाबरू नका. वाटाण्यासारख्या डाळीची 'फाव्हा', टोमॅटोच्या रश्श्यातले टपोरे पांढरे घेवडे म्हणजे 'यीगांतेस', लिंबू पिळलेली उकडलेली पालेभाजी 'होर्ता' आणि फेटा चीजचं जाड काप ठेवलेलं सॅलड. पोट फुल्ल! 'निस्तीसिमो' म्हणजे उपवासाला चालणारं, हा शब्दही कामाचा. पण जपून! ग्रीक उपवासाला मटण, दूध आणि अंडी चालत नाहीत, ऑक्टोपस आणि कोळंबी मात्र चालते. आणखी एक गंमत म्हणजे ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे 'हो'. 'यात मटण आहे का?' याला वेटर 'ने' म्हणाला तर ताट बाजूला सारा.

जेवणानंतर झाडाखाली ताणून द्या. मग किनाऱ्याच्या वाटेने व्लिखोसपर्यंत टंगळमंगळ करत जा. वाटेत दगडी कमानीचा जुना पूल लागतो. तिथे पुन्हा एकदा पाण्यात. जुलैत सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे रात्रीचं जेवण नऊनंतरच. त्यासाठी मुक्काम हवा. मुक्काम नसेल तर परतीची शेवटची बोट सकाळीच बघून ठेवा.

प्लॅनिंग करणाऱ्यांसाठी: शेंगेन व्हिसाची फी जून 2024पासून 90 युरो झाली आहे आणि अर्ज सहा महिने आधी करता येतो. जुलै-ऑगस्टचं ऊन आणि गर्दी टाळायची असेल तर सप्टेंबर बेस्ट, समुद्र तेव्हाही उबदार असतो.

परतल्यावर ऑफिसात विचारतील, 'तिथे बघायला काय आहे?' यादी देता येणार नाही. चाललो, पोहलो, खाल्लं, झोपलो, एवढंच सांगाल. रजा त्यासाठीच तर घेतली होती ना? सँटोरिनीची एक रात्र कमी करा हवं तर, पण हा दिवस कापू नका.