लेखणीचें दुसरें टोक

चिरंजीवांच्या आग्रहामुळें इटलीचा प्रवास घडला, आणि नेपल्स येथील पुराणवस्तुसंग्रहालय पाहण्याचा योग आला. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या राखेखालीं गडप झालेल्या पाँपेई नगराचा संसारच तेथें मांडलेला आहे. कांशाचीं पातेलीं, दिवे, अंगावरील तेल व मळ खरवडण्याचीं वांकडीं पातीं, दांडीवर मनुष्यमुखाकृति वजन सरकविण्याचा तराजू! भांडीं पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, चिंच लावून घांसलीं तर हीं आजही चुलीवर चढतील."

चाळीस वर्षें फळ्यापुढें घालविलेला मी मात्र लेखण्यांपुढें थबकलों. वीतभरही लांब नसलेली कांशाची काडी. एक टोक अणकुचीदार, दुसरें चपटें. लांकडी पाटीच्या खोलगट भागांत मेण पसरीत. अणकुचीदार टोकानें त्यावर अक्षर कोरावयाचें. चुकलें तर लेखणी उलटी करून चपट्या टोकानें मेण सारखें करावयाचें. 'लेखणी उलटी करणें' म्हणजे लिहिलेलें सुधारणें, असा वाक्प्रचारच लॅटिन भाषेंत रूढ झाला. आपली जुनी धूळपाटीही अशीच क्षमाशील होती. येथील एका भित्तिचित्रांत पति हातीं गुंडाळी घेऊन उभा आहे, आणि पत्नी हीच लेखणी हनुवटीशीं धरून विचारमग्न झाली आहे.

१८७५ सालीं पाँपेईंत, लिलांवाचे व्यवहार पाहणाऱ्या सेसिलियस जुकुंडस नामक सराफाच्या घरीं दीडशेंवर पाट्या सांपडल्या. त्यांवरील मेण केव्हांच नाहींसें झालें होतें. परंतु जेथें लेखणी मेण भेदून लांकडांत रुतली होती, तेथील अक्षरें विद्वानांनीं वाचलीं.

हें ऐकतांच मला एक जुनी गोष्ट आठवली. वहींत खाडाखोड केली म्हणून एका विद्यार्थ्यास मीं भर वर्गांत म्हटलें होतें, "तुला जन्मांत अक्षर यावयाचें नाहीं." पुढें तो मोठ्या हुद्यावर चढला. एकदां भेटला, तेव्हां वांकून नमस्कार करून म्हणाला, "गुरुजी, चारचौघांत सही करतांना अजून हात कांपतो."

मुलाची चूक मेणावरची होती. माझा शब्द लांकडांत उतरला.

वडीलधाऱ्या वाचकांस एवढीच विनंति, कीं घरांतील मुलांच्या हातीं लेखणी देतांना तिला दुसरेंही टोक असतें, हें त्यांस अवश्य सांगावें; आणि आपणही तें विसरूं नये.