सहा व्होल्ट

आईच्या रेडिओला चार सेल लागतात. म्हणजे सहा व्होल्ट. सेलांचा खर्च वाचावा म्हणून दोन वर्षांपूर्वी मी बाजारातून एक स्वस्त अडॅप्टर आणला. त्यावर सहाच लिहिले होते; पण हलक्या भाराला तो नऊच्याही वर चढे, हे रेडिओ जळाल्यावर कळले. आई काही बोलली नाही. न बोलणे हीच तिची जुनी शिक्षा!

रेडिओ दुरुस्त होऊन आला. दहावीतला मुलगा म्हणाला, "बाबा, आता आपणच करू." मी भाषेचा मास्तर; विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. बारा व्होल्टांचा ट्रान्सफॉर्मर, त्याच्या अलीकडे फ्यूज, पुढे चार डायोड, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८०६ नावाची तीन पायांची चिमुकली वस्तू. मागून पंधरा येवोत की दहा, ती पुढे सहाच जाऊ देते. वरचे सारे स्वतः तापून सोसते. सासुरवाशीणच म्हणा ना! म्हणून तिच्या पाठीला अॅल्युमिनियमची पट्टी लावायची.

पहिल्याच खेपेस मी कपॅसिटर उलटा जोडला. फाट्‌कन आवाज झाला, खोलीत धूर.

"दिवाळीला अवकाश आहे रे अजून," स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

पुढे मीटरवर सहा दिसल्याखेरीज रेडिओला हात लावायचा नाही, असा मुलाने दंडक घातला.

गेल्या लक्ष्मीपूजनाला आळीभर रोषणाई लागली आणि आमचा दिवा मंदावला. रेडिओवरची सनई मात्र ढळली नाही. आईने मान डोलावली. पण फराळाच्या डब्यामागे चार नवे सेल तिने ठेवलेले आहेतच.