मुखेडची चढण

नांदेडहून नायगाव, नर्सी मागे टाकून मुखेडकडे वळले की रस्ता हळूहळू सपाटी सोडू लागतो. गोदाकाठची काळी शिवारे सरतात आणि बालाघाटाच्या टेकड्यांचे मुरमाड उतार दोन्ही अंगांना दिसू लागतात. हा वाडी-तांड्यांचा तालुका. वस्ती माळावर, शेत उतारावर आणि पाणी तळाशी, अशी अनेक ठिकाणची जुनी मांडणी. घरातून निघालेला माणूस दिवसाकाठी किती वेळा चढला आणि किती वेळा उतरला, याचा हिशेब कोणी ठेवत नसे; तो ठेवण्याची गरजही नव्हती.

ती मांडणी आता मोडली आहे, आणि मोडली हे चांगलेच झाले. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातील स्त्री-पुरुषांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, तलावांची माती डोक्यावर वाहिली. त्या कामांवर गेलेल्या बाया आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे झिजलेले गुडघे आणि वाकलेले मणके मी गेली अनेक वर्षे क्ष-किरणांच्या फिल्मवर पाहत आलो आहे. त्यांच्या मुलांच्या दारात नळ आला, विहिरीवर मोटार बसली, ओसरीत दुचाकी उभी राहिली. तेव्हा ‘बसून खाणे’ ही या मुलखात आळसाची खूण नव्हे. ती दोन पिढ्यांच्या घामातून आलेली प्रतिष्ठा आहे. आरोग्यविषयक लेखनातून ही गोष्ट सहसा निसटते. बैठे जीवन घातक आहे, असे आपण ज्याला सांगतो, त्याच्या लेखी तेच त्याच्या आयुष्याचे यश असते.

मुखेडच्या बाजारपेठेत सकाळी फेरी मारावी. आठ वाजता गादीवर बसलेला आडत्या रात्री नऊलाच उठतो. चहा तिथेच येतो, डबाही तिथेच. घर दुकानाच्या मागे किंवा माडीवर. शेजारच्या दुकानात पीकविम्याचे अर्ज भरून देणारा तरुण संगणकापुढे दिवसभर खिळलेला. शेतकऱ्याचेही चित्र पालटले आहे. सोयाबीनच्या खुरपणीची जागा तणनाशकाने घेतली, काढणीला यंत्र आले. कष्टाचे दिवस मोजके राहिले आणि उरलेले पारावर, मोबाइलच्या पडद्यापुढे जाऊ लागले.

असाच एक आडत्या एकदा मला म्हणाला, “डॉक्टरसाहेब, गोडाला मी शिवत नाही, अंगानं मी किडकिडा. मग साखर आली कुठून?”

त्याचे उत्तर दोन ठिकाणी आहे. पहिले पुण्यात. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, 22.3. पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के! वरून सडपातळ आणि आतून चरबीयुक्त, अशी ही आपली भारतीय ठेवण. काटा वजन सांगतो. स्नायू किती आणि चरबी किती, हे सांगत नाही.

दुसरे उत्तर मांड्यांत आहे. जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर साठवण्याचे मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू. इन्सुलिन हे त्या कोठाराचे दार उघडते. परंतु आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही साखर आत ओढू शकतो. मांडी घालून बसलो की शरीरातील सर्वांत मोठे, मांड्यांचे आणि नितंबांचे स्नायू जवळजवळ मुके होतात. पोटऱ्या रक्त वर ढकलतात, तेही काम थंडावते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2012 मध्ये स्थूल प्रौढांवर केलेल्या प्रयोगात, दर वीस मिनिटांनी केवळ दोन मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन दोन्ही कमी राहिली. त्याही पूर्वी, 1953 मध्ये, डॉ. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांत हेच वेगळ्या वाटेने पाहिले होते: दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता.

मात्र याच तालुक्यात दुसरे टोकही आहे. दिवाळीच्या आसपास अनेक तांड्यांवर कुलपे लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला जातात. पहाटेपासून कोयता चालतो, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवाव्या लागतात. परत आलेल्या अशा बाईला ‘व्यायाम करा’ म्हणणे क्रूर आहे. विश्रांतीवाचून, पोटभर अन्नावाचून, वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने केलेले ओझ्याचे काम शरीर घडवत नाही, झिजवते. तिच्यासाठी माझ्या चिठ्ठीवर लोह, प्रथिने आणि झोप असते. श्रम आणि व्यायाम यांत स्नायू तेच असतात. फरक पडतो तो आपल्या मर्जीने थांबता येते की नाही, यात.

मधल्या घरांतील स्त्रियांचा प्रश्न आणखी निराळा. 2022 च्या अंदाजानुसार भारतातील निम्म्याच्या आसपास प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के, स्त्रियांत 57. पाणी दारात आले आणि तिची फेरी गेली, ती योग्यच गेली. पण त्या फेरीबरोबर मैत्रिणी होत्या, मोकळी हवा होती, घराबाहेर पडण्याचे निमित्त होते. आता नुसते फिरायला निघायचे तर सासूला कारण द्यावे लागते. शिवाय पहाटेचा अंधार, भरधाव ट्रक आणि कडेला पायवाट नाही. माझा अनुभव असा की एकटीला सांगून उपयोग होत नाही. चौघीजणींना मिळून सांगावे लागते, आणि सासूलाही त्यातच घ्यावे लागते.

मुलांविषयी थोडकेच सांगतो. दहावी होताच इथली हुशार मुले लातूर-नांदेडच्या वर्गांत बारा-बारा तास बसतात. जागतिक आरोग्य संघटना सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटांची हालचाल सुचवते. पालकांनी खोली बघताना जेवणाची चौकशी करावी, तशी मैदानाचीही करावी.

गावात दशरथेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर आहे. दगडी भिंतींवर देवदेवतांची रांग, आणि त्यांत नृत्यमुद्रेतील मातृका. मातृकांना नाचताना कोरणाऱ्या त्या शिल्पकाराविषयी मला नेहमी कौतुक वाटते. मी आडत्याला म्हणालो, “अप्पा, दुकान बंद करू नका. जेवण झालं की गड्याला गल्ल्यावर बसवा आणि दशरथेश्वराला जाऊन या. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. छातीत दुखलं किंवा दम लागला तर मात्र थांबून आधी माझ्याकडे या.” प्रौढांसाठी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम हालचाल सांगितली आहे. दोन जेवणांनंतरच्या दोन फेऱ्यांत त्यातली किमान मर्यादा सहज गाठली जाते. गादीवर फोन आला की उभे राहून बोलायचे, एवढी पुस्ती मी जोडली.

पहिल्या आठवड्यात पेठेतल्या लोकांनी “अप्पा, गाडी बिघडली का?” असे विचारून त्यांना हैराण केले. गाडी असताना चालणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे अजून दयेने पाहतात. आता त्यांच्यासोबत शेजारचा सराफही निघतो. अप्पांची तीन महिन्यांची साखर पुढच्या महिन्यात पुन्हा तपासायची आहे; तोवर गोळी चालूच आहे.