चालकाशी बोलू नये

आज जरा कॉम्प्युटरच्या पोटातला विषय घेतोय. मोठं लिहिलंय, सवडीनं वाचा. विषय रुक्ष वाटेल, पण तो शेवटी तुमच्या आईच्या अंगठ्यापर्यंत आणि तिच्या खात्यातल्या पैशापर्यंत येतो.

आपल्या विश्रामबागेत शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पीएफ, पेन्शन, रेशन, बँक मित्राकडून पैसे काढणं, जवळजवळ प्रत्येक कामात कुठं ना कुठं अंगठ्याचं एक छोटं मशीन असतं. लाल किंवा हिरवा दिवा लागतो, त्यावर बोट दाबायचं. वायरीनं ते कॉम्प्युटरला जोडलेलं असतं. पण नुसती वायर जोडून भागत नाही. त्या मशीनची भाषा कॉम्प्युटरला समजावून सांगणारा एक प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. प्रिंटरचा वेगळा, कॅमेऱ्याचा वेगळा, अंगठ्याच्या मशीनचा वेगळा. हे बरेचसे ड्रायव्हर बसतात कर्नलमध्ये. कर्नल म्हणजे विंडोज किंवा लिनक्सचा अगदी आतला गाभा. मेमरी, डिस्क, सगळी यंत्रं त्याच्या ताब्यात.

एसटीचं उदाहरण घेऊ. केबिनजवळ पाटी असते, वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. आपल्याला उतरायचं असेल तर आपण कंडक्टरला सांगतो, तो दोरी ओढतो. एक घंटी म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. पन्नास प्रवासी असले तरी ड्रायव्हरपर्यंत पोचणारे निरोप ठरलेले आणि मोजके. कुणी उठून स्टेअरिंगला हात घालत नाही. कॉम्प्युटरमध्येही असंच असायला हवं. आपण वापरतो ते प्रोग्राम म्हणजे प्रवासी. त्यांनी कर्नलला ठरलेल्या पद्धतीनं विनंती करायची. ती कुणाकडून आली, त्याला तेवढा अधिकार आहे का, हे कर्नल तपासणार आणि मगच ड्रायव्हरला पुढचा निरोप देणार.

लिनक्समध्ये हे फार साधं ठेवलंय. प्रत्येक यंत्र ही एक फाइल. फाइलला मालक असतो, गट असतो, कुणी वाचायचं, कुणी लिहायचं हे ठरलेलं असतं. वालचंद कॉलेजची पोरं आर्डुइनोचा बोर्ड पहिल्यांदा लिनक्सला जोडतात तेव्हा बऱ्याचदा 'परमिशन डिनाइड' येतं. कारण तो पोर्ट वापरायची मुभा 'डायलआउट' नावाच्या गटाला असते आणि पोरगं त्या गटात नसतं. योग्य उपाय म्हणजे त्याला गटात घालायचं. सोपा उपाय म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरचा ताबा घेऊन, म्हणजे रूट होऊन काम उरकायचं. घाईत माणूस कुठला उपाय निवडतो हे सांगायला नको. एका खोलीची किल्ली पाहिजे होती, घेतला अख्खा जुडगा.

हा जुडगा प्रकरण मी जवळून बघितलंय. २००० सालानंतरची गोष्ट, एका छोट्या दैनिकात नवीन लागलो होतो. पानं लावायचं मराठी सॉफ्टवेअर डोंगलवर चालायचं. डोंगल म्हणजे कॉम्प्युटरच्या मागं प्रिंटरच्या पोर्टला लावायचं बोटभर कुलूप. ते असेल तरच सॉफ्टवेअर उघडणार. विंडोज ९८ वर कुठलाही प्रोग्राम थेट पोर्टशी बोलू शकायचा, मधे कुणी अडवणारं नव्हतं. मग ऑफिसात एक्सपी आलं आणि जुनं सॉफ्टवेअर उघडेना. 'प्रिव्हिलेज्ड इन्स्ट्रक्शन' असं काहीतरी इंग्रजीत यायचं. अर्थ एवढाच, की बाबा रे, पोर्टला हात लावायचा अधिकार आता तुला नाही, ड्रायव्हरमार्फत ये. ड्रायव्हर टाकला, तोही नीट चालेना. शेवटी ऑपरेटरनं ऑफिसातली सगळी खाती 'अॅडमिनिस्ट्रेटर' करून टाकली. पान निघालं, मालक खूश.

पुढं काही वर्षांनी पेनड्राइव्हचा जमाना आला. जाहिरातदार पेनड्राइव्ह घेऊन यायचे, त्यातून व्हायरस यायचा आणि सगळेच अॅडमिन असल्यामुळं त्याला अडवणारं दारच नव्हतं. दिवाळी अंकाच्या तोंडावर दोन मशीन बसली. रात्रभर जागून पानं पुन्हा लावली. डोंगलला एक पोर्ट पाहिजे होता, त्यासाठी आख्खं घर उघडं ठेवलं होतं.

तेव्हा पानंच गेली. आता काय जाऊ शकतं ते सांगतो.

मध्यंतरी एका सेवा केंद्रात रांगेत उभा होतो. नाव सांगत नाही, कारण हे एका केंद्राचं दुखणं नाही. अंगठ्याचं मशीन 'डिव्हाइस नॉट रेडी' दाखवत होतं. रांगेत बायकाच जास्त, कुणाचे लाडक्या बहिणीचे दीड हजार काढायचे, कुणाची पेन्शन. केंद्रवाल्या पोरानं कुणाला तरी फोन लावला. पलीकडच्यानं रिमोटवर कॉम्प्युटर ताब्यात घेतला. अँटिव्हायरस बंद. व्हॉट्सअॅपवर आलेली ड्रायव्हरची फाइल उघडली. 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर'. विंडोजनं विचारलं, खात्री आहे का? 'येस'. पुन्हा विचारलं, 'येस'. दहा मिनिटांत दिवा लागला. रिमोट बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. अँटिव्हायरसही तसाच बंद.

मी विचारलं, "दादा, हा माणूस कंपनीचा का?"

पोरगं म्हणालं, "म्हाईत न्हाई ओ साहेब. नंबर ग्रुपवर आलाय. आन् न्हाई केलं तर ह्या मावश्या मला सोडतील का?"

मागून एक आजी म्हणाल्या, "चालू झालं न्हवं? मग कशाला इच्यारताय."

दोघांचंही बरोबर होतं. पोराला दिवसाची रांग संपवायची होती, आजींना उन्हाच्या आत घरी जायचं होतं. त्या दहा मिनिटांत एका अनोळखी माणसाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं गेलं, एवढं मात्र त्या खोलीत कुणाच्याच लक्षात आलं नाही.

यात धोका काय? साठवलेला ठसा पुन्हा वापरणं. हे कल्पनेतलं नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत उघड झालं, की एकाच माणसाच्या ठशावर जुलै २०१६ पासून ३९७ व्यवहार झाले होते. आधार प्राधिकरणानं तेव्हा पोलिसांत तक्रार केली. त्या काळी बोटाचा ठसा मशीनमधून निघून कॉम्प्युटरवरच्या अॅपकडे जायचा, आणि अॅपनं तो ठेवून घेतला तर कळायला मार्ग नव्हता. त्याच वर्षी प्राधिकरणानं 'रजिस्टर्ड डिव्हाइस'ची व्यवस्था आणली. प्रत्येक मशीनला ओळख, आणि ठसा अॅपला उघडा द्यायचाच नाही. कुलूपबंद करून, मशीनची सही करूनच द्यायचा. अॅपनं ते बंद पाकीट पुढं पाठवायचं. कंडक्टरला घंटी वाजवता येईल, केबिनमध्ये जाता येणार नाही.

पण यातही दोन पायऱ्या आहेत, एल-झिरो आणि एल-वन. एल-झिरोमध्ये पाकीट बंद करण्याचं काम कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. एल-वनमध्ये ते मशीनच्या आतल्या सुरक्षित भागात होतं. आता वरचा प्रसंग आठवा. ज्या कॉम्प्युटरचा अख्खा ताबा अनोळखी माणसाकडं गेलाय, तिथं कॉम्प्युटरवरच्या कुलपाचा भरवसा किती? म्हणूनच प्राधिकरणानं एल-झिरो मोडीत काढून एल-वनकडं जायला सांगितलंय. खर्च केंद्रवाल्याचा होतो, तो कुरकुरतो, ते समजू शकतो. पण कारण खरं आहे.

एल-वन आलं म्हणजे सगळं मिटलं असंही नाही. दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे केल्याचे गुन्हे देशात घडलेत. ड्रायव्हर कितीही बंदिस्त असला तरी समोर खोटं बोट आलं तर तो काय करणार? त्यासाठी बोट जिवंत आहे का हे ओळखायची वेगळी तपासणी लागते, ती प्राधिकरणानं २०२३ पासून कडक केली. एक कुलूप एकाच दाराचं असतं.

आता दुसरी बाजू. प्रवाशांना केबिनबाहेर ठेवलं, पण ड्रायव्हरच चुकला तर? १९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्याकडं सकाळचे पावणेदहा वाजत आले होते. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा कंपनीनं एक छोटी फाइल जगभर पाठवली. त्यांचा प्रोग्राम चालतो कर्नलमध्ये. त्या प्रोग्रामला माहितीचे २१ रकाने अपेक्षित होते, पुरवले गेले २०. एकविसावा वाचायला तो जिथं गेला तिथं काहीच नव्हतं, आणि अख्खं विंडोज कोसळलं. साधं अॅप असतं तर तेवढंच बंद पडलं असतं. कर्नलमध्ये चूक झाली की गाडीच खड्ड्यात. चुकीची फाइल ७८ मिनिटांत मागं घेतली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं तोवर ८५ लाख कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर गेले होते. आपल्याकडं विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला. बिघडलेलं एकेक मशीन बरंचसं हातानं नीट करावं लागलं. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं सुरक्षा कंपन्यांना कर्नलबाहेर काम करता येईल अशी सोय करायला घेतली. अॅपलनं ती वाट २०१९ पासूनच धरली होती.

सहीचा ड्रायव्हर म्हणजे सुरक्षित, हाही भ्रम नको. २०१० मध्ये सापडलेल्या स्टक्सनेटच्या ड्रायव्हरवर दोन खऱ्या कंपन्यांच्या सह्या होत्या, चोरलेल्या. आजही चोरटे जुना, सहीचा पण भोक असलेला ड्रायव्हर सोबत घेऊन येतात आणि त्यातून आत शिरतात. व्हॉट्सअॅपवर फिरणारी 'जुनी, चालणारी' फाइल म्हणूनच सगळ्यात धोक्याची.

मग सगळ्या किल्ल्या कंपनीकडंच देऊन टाकाव्यात का? इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. यंत्र आपण पैसे देऊन घेतो. कंपनीनं ड्रायव्हर काढणं बंद केलं की चांगला प्रिंटर भंगारात जातो. आमच्या त्या डोंगलसाठी एक जुनं एक्सपीचं मशीन कितीतरी वर्षं कोपऱ्यात जपून ठेवलं होतं, कारण नवीन ६४ बिट विंडोज जुना ड्रायव्हर घेईना. कॉलेजच्या पोरांना यंत्राच्या आत डोकावता आलं नाही तर उद्याचे ड्रायव्हर लिहिणार कोण? कुलूप पाहिजेच, पण किल्ली मालकाकडं राहिली पाहिजे आणि ती कधी, कुणी वापरली याची नोंद पाहिजे. स्वतःच्या मशीनवर शिकणाऱ्या पोराला मोकळीक द्या. जिथं शेकडो लोकांचे अंगठे लागतात तिथं मात्र ही मोकळीक नको.

म्हणून काही साध्या मागण्या. जिल्हा प्रशासनानं मनावर घेतलं तर महिन्याभरात होतील:

१) प्रत्येक सेवा केंद्रात दोन खाती असावीत. रोजच्या कामाचं साधं खातं, आणि अॅडमिनचं वेगळं. अॅडमिनचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला नसावा.

२) ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस फक्त मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत जागेवरूनच घ्यावी.

३) मशीन बिघडलं तर कुणाला फोन करायचा याचा एक अधिकृत नंबर जिल्हा कार्यालयानं द्यावा. तो नाही म्हणूनच पोरं ग्रुपवरचा नंबर लावतात. रिमोटवर कोण आलं, किती वेळ होतं, याची वहीत नोंद व्हावी.

४) एल-वन मशीनसाठी केंद्रचालकांना हप्त्याची किंवा अनुदानाची सोय व्हावी. सगळा भार त्यांच्यावर टाकला की ते पळवाट काढणारच.

आणि आपण काय करायचं? आधारच्या अॅपमध्ये किंवा वेबसाइटवर बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे, फुकट आहे. अंगठा लावायचा असेल तेव्हा तात्पुरतं उघडायचं, काम झालं की परत बंद. मोबाइल आधारला जोडलेला पाहिजे एवढंच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं आधी करा, कारण त्यांचा अंगठा सगळ्यात जास्त ठिकाणी लागतो आणि खात्यातून पैसे गेलेले त्यांनाच सगळ्यात उशिरा कळतात. ज्यांचं रेशन दरमहा अंगठ्यावर आहे त्यांनी जायच्या आधी आठवणीनं उघडा, नाहीतर मशीन नाकारेल आणि शिव्या मला बसतील. आधारची शंका असेल तर १९४७ ला फोन लावा, पैसे गेलेच तर लगेच १९३० ला.

केंद्र चालवणाऱ्या मित्रांनी कमेंटमध्ये तुमच्या अडचणी लिहा, नाव नको असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. सगळ्या एकत्र करून जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन घेऊन जायचं म्हणतोय. सोबत कोण येतंय तेही सांगा.