होले आणि दुनळी

देहूला निघालेल्या माणसाच्या हातात टाळ असावेत, निदान तुळशीची माळ तरी असावी; त्याच्या डोक्यात बंदुकीचा विषय असावा हे काही बरे लक्षण नव्हे. पण देहूची वाटच मोठी विलक्षण आहे. आगगाडीने जाणारा देहूरोड स्टेशनावर उतरतो, तर आधी गाठ पडते ती लष्कराच्या छावणीशी आणि तिच्या कोठारांशी. पुण्याच्या बाजूला, खडकीला, 1869 सालापासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. शिकारी मंडळींच्या बारा बोरच्या काडतुसांसाठी त्याचे नाव जुन्या लोकांच्या तोंडी असे. जीवमात्रावर दया करायला सांगणाऱ्या तुकोबांच्या गावाला जाताना अशी काडतुसांच्या शेजारून वाट काढावी लागते!

माझे आजोळ देहूचे. आजोबांपाशी परवान्याची दुनळी होती आणि थंडीच्या दिवसांत ते होले मारीत. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, तेव्हा त्यांनी ती कपाटात घालून कुलूप लावले. पुढे ती बाहेर निघे ती फक्त तेल द्यायला. मला त्यांनी बंदूक शिकवली ती अशी, मांडीवर फडके अंथरून, एक काडतूस न उडवता.

गेल्या संक्रांतीला मामेभावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने मला विचारले, "काका, होल्यांसाठी नवशिक्यानं पहिली बंदूक कुठली घ्यायची?" त्याच्या आईने "हे काय भलतंच!" म्हणून डोळे वटारले. पण विद्यार्थ्याने विचारले की उत्तर द्यायचे, ही आम्हां मास्तरांची खोड. मी आजोबांचा पाठ म्हणून दाखवला.

एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसते ती बंदूक बारा बोरची. वीस पाडल्या तर वीस बोरची. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक. चारशेदहा नावाची एक चिमुकली बंदूक तेवढी या हिशेबाबाहेरची. तिचा आकडा हे नळीच्या रुंदीचे माप, एका इंचाचे 410 हजारांश. हलकी म्हणून पोराच्या हाती हीच देण्याची रीत. आजोबांना ती मुळीच मान्य नव्हती. तिच्या काडतुसात छर्रे थोडे. नेम जरा हुकला की पाखरू मरत नाही, जायबंदी होऊन बाभळीत शिरते आणि तिथे तडफडते. म्हणून नवशिक्यासाठी त्यांचा कौल वीस बोरला, नाहीतर हलके काडतूस घालून बारा बोरला. छर्रे आठ नंबरचे. छर्ऱ्यांतही आकडा मोठा तसा दाणा बारीक. आठ नंबरचे एका औंसात चारशेच्या वर भरतात. बंदुकीचा दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवावा; बोट चापापर्यंत सहज पोचले तर लांबी साधारण जुळली. दुनळीची एक नळी सहसा मोकळी आणि दुसरी तोंडाशी किंचित आवळलेली असते: पहिला बार जवळच्या पाखराला, दुसरा लांब गेलेल्याला.

"एवढं जमलं की झालं?" पोराने विचारले. आजोबांच्या मते इथे कुठे श्रीगणेशा होत असे. बंदूक पैशाने मिळते, होला ओळखावा लागतो. काळा कंठ ल्यालेला फिकट राखी तो पिठ्या होला. मानेवर पांढऱ्या ठिपक्यांची शाल तो ठिपक्यांचा. सर्वांत लहान, तपकिरी, हसल्यासारखा घुमतो तो आपला अंगणातला. ज्वारी निघाल्यावर सकाळी ते रानात सांडलेले दाणे टिपतात आणि मग पाण्यावर उतरतात. बहुतेक पाखरे घोट घेऊन मान वर करतात. होला चोच बुडवून एका दमात पाणी ओढतो. चार काड्यांचे घरटे, त्यात दोन पांढरी अंडी. नर आणि मादी दोघेही आपल्या गळ्यातले दुधासारखे अन्न पिलांना भरवतात. जोडी वर्षातून कितीदा तरी घरटे घालते, म्हणून पाडलेल्या होल्यामागे उपाशी पिले नाहीत, अशी खात्री कुठल्याच महिन्यात देता येत नाही. हे सांगताना आजोबांचा आवाज खाली येई.

कायदाही मी पोराला सांगितला. एकवीस पूर्ण झाल्याशिवाय शस्त्राचा परवाना नाही. 1991 च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली सोयही संपली. आज होल्यावर बार टाकणे हा गुन्हा आहे. आणि समजा कायदा नसता, तरी शिसे आहेच. दाणे दळायला होला खडे गिळतो, आणि रानात पडलेला छर्रा त्याला खड्यासारखाच दिसतो. तो पोटात झिजतो आणि पाखराला विष चढते. म्हणजे हुकलेला बारही पुढे कधीतरी लागतोच. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे 1991 पासून बंद आहेत. त्याच देशात एके काळी आभाळ झाकणारे प्रवासी पारव्यांचे थवे होते. त्यांतला शेवटचा पारवा 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. पुष्कळ आहेत म्हणून संपत नाहीत, हा हिशेब तिथे खोटा ठरला.

देहूत या प्रश्नाचा निकाल साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच लागला आहे, असे गावकरी म्हणतील. तुकोबांना कोणीतरी शेत राखायला बसवले, पाखरे दाण्यांवर आली, आणि यांना काही गोफण उचलवेना. मालक संतापला, पण रास केली तेव्हा धान्य अंदाजाहून जास्त भरले, अशी आख्यायिका आहे. शिकवताना मला त्यातला चमत्कार तितका महत्त्वाचा वाटत नाही. कथेला आधी एक शेत लागते, आणि राखण करण्याजोगे पीक लागते.

नेमके तेच आता सरत चालले आहे. एका अंगाला पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या अंगाला चाकणचे कारखाने. मधल्या रानात चुन्याच्या रेघा मारून भूखंड पडतात. आजोबा ज्या बांधाआड बसत, तिथे आज चार मजली इमारत आहे. इंद्रायणीवर मधूनमधून साबणासारखा फेस तरंगताना दिसतो. अंगणातला धाकटा होला खिडकीच्या कट्ट्यावरही संसार थाटील, पण सांडलेली ज्वारी त्याला कोण देणार? कायद्याने होल्याला दुनळीपासून वाचवले. ज्वारीचे रान वाचवणारा कायदा मला तरी ठाऊक नाही. मामेभावाच्या दीड एकरालाही गिऱ्हाईक येऊन गेले आहे, आणि त्याचे उत्तर अजून ठरलेले नाही. मुलाचे शिक्षण पुढे आहे. त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

तेव्हा वाचकहो, देहूला जाल तर बीजेच्या गर्दीआधी, ज्वारी निघता निघता जा. देवळात दर्शन घ्या, नांदुरकीच्या झाडाखाली घटकाभर टेका, आणि मग एखादे उरलेले शेत विचारीत नदीच्या कडेने चाला. सकाळची नऊची वेळ धरा, वारा तोंडावर घ्या, बांधाआड बसा आणि हलू नका. शिकाऱ्याची ही सारी विद्या बंदुकीवाचूनही तितकीच खरी आहे. थोड्या वेळाने रानावर राखी ठिपके उतरतील. मोजा. पुढच्या वर्षी पुन्हा येऊन मोजा. आणि आकडा घटला असेल तर तो आम्हांला कळवण्याआधी ज्याचे शेत आहे त्याच्यापाशी जाऊन बसा, आणि त्याच्या ज्वारीला बाजारात काय भाव मिळाला ते विचारा.