विटांच्या अंगरख्यातलं घर

इंग्लंडला गेलात की लंडनचा टॉवर, बकिंगहॅम राजवाडा हे सारं बघणं होतंच. पण थोडी सवड काढून एक साधं शेतघरही बघून या. वुल्व्हरहॅम्प्टन शहराच्या उत्तरेला ते आहे. नाव मोझली ओल्ड हॉल.

लांबून पाहिलंत तर जरा हिरमोडच होईल. लाल विटांच्या भिंती, उतरती छपरं, बस्स! पण या विटांवर जाऊ नका. घर बांधलं १६०० च्या सुमाराला, आणि तेही लाकडी चौकटीचं. पुढं लाकूड खराब झालं तेव्हा, १८७० च्या आसपास, घर पाडलं नाही. बाहेरून विटांचा अंगरखा चढवला. उंच विटांची धुराडी तेवढी पहिल्यापासूनची. आत पाऊल टाकलंत, की जुन्या ओकच्या तुळया आणि फळ्या मारलेल्या भिंती दिसू लागतात.

व्हिटग्रेव्ह कुटुंब कॅथलिक. त्या काळी त्यांच्या पूजा-प्रार्थनेला कायद्यानं बंदी. म्हणून निजायच्या खोलीलगतच्या लहानशा कोठडीत, जमिनीखाली, पाद्री लपवायला एक चोरजागा केलेली. झाकण बसवलं, की वर नुसती जमीन!

हीच जागा सप्टेंबर १६५१ मध्ये कामी आली. वुस्टरच्या लढाईत हरलेला तरुण दुसरा चार्ल्स ८ तारखेच्या पहाटे इथं आला. बापाचा शिरच्छेद दोनच वर्षांपूर्वी झालेला. पायांची तर चाळण झाली होती. घरातल्या पाद्र्यानं, फादर हडल्स्टननं, ते पाय धुतले. माळ्याच्या खिडक्यांशी तीन शिकाऊ मुलं पहाऱ्याला बसवली. देवडीवरच्या छोट्या खोलीतून राजा आपल्याच हरलेल्या सैनिकांना रस्त्यानं परतताना बघत होता.

दुसऱ्या दिवशी शिपाई आलेच! थॉमस व्हिटग्रेव्हनं राजाला खाली लपवलं आणि घराची सगळी दारं सताड उघडी टाकून स्वतः शिपायांना सामोरा गेला. तुम्हीच सांगा, उघड्या दाराच्या घराचा संशय कुणाला येणार? तो लढाईत होता, असा त्यांचा आरोप. आजारी होता अशी शेजाऱ्यांनी साक्ष दिली, तेव्हा शिपाई निघून गेले. त्याच रात्री राजा बेंटली हॉलला गेला. तिथून जेन लेन ही तरुणी बाळंतपणाला मैत्रिणीकडे जाण्याचा परवाना घेऊन निघाली, तेव्हा तो तिचा नोकर बनून बरोबर होता.

तेव्हा नुसती बाहेरची वीट बघून परतू नका हं! १९६२ पासून हे घर नॅशनल ट्रस्टकडे आहे. उघडण्याचे वार आधी विचारून घ्या. आत गेलात की त्या कोठडीतलं झाकण दाखवायला सांगा. वाकून खाली पाहा. एवढ्याशा जागेत एक उंचापुरा माणूस अंग चोरून, श्वास रोखून बसला होता, आणि वर घरातली माणसं जणू काही घडलंच नाही अशी वावरत होती.