डब्ल्यूचा आवाज

वॉरक्राफ्ट थ्री मी शिकलो ते कॉलेजात असताना, पुण्यातल्या एका सायबर कॅफेत, तासाचे पैसे मोजत. गेम 2002 चा, त्याचा फ्रोझन थ्रोन हा पुढचा भाग 2003 चा. फौज निवडताना मी अनडेड घ्यायचो. मित्र ऑर्क, आणि त्याचा हीरो ठरलेला: ब्लेडमास्टर.

ब्लेडमास्टरचा विंड वॉक म्हणजे नुसतं गायब होणं नव्हे. त्या अवस्थेत तो जास्त वेगानं पळतो, आणि ज्या घावानं प्रकट होतो त्याला पहिल्याच पातळीवर 40 चं जादा नुकसान जोडलेलं असतं. त्याचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे माझे ॲकोलाइट. 220 हिट पॉइंटचा जीव, खाणीभोवती पाचजण रिंगण धरून सोनं काढत उभे. मी बाहेर लढाईत गुंतलेलो असायचो. परत घराकडे नजर टाकावी, तर तिघेच उरलेले.

तेव्हा मी त्याला कानानं पकडायचो. विंड वॉकची कळ डब्ल्यू. मित्र तीन मशीन पलीकडे बसायचा आणि ती कळ कॅरमचा स्ट्रायकर मारावा तशी हाणायचा. टक्क वाजलं की मी सावध. या कौशल्याचा मला बराच अभिमान होता. मग घरी इंटरनेट आलं, समोर अनोळखी माणसं आली, आणि लक्षात आलं की मला गेम येतच नव्हता. येत होता तो मित्राचा कीबोर्ड.

तिथून खरी शिकवणी सुरू झाली. आधी भरवसा डस्ट ऑफ अपिअरन्सवर. दुकानातून घ्यायची, हीरोच्या हातून उडवायची, आसपासचा अदृश्य प्राणी काही काळ दिसू लागतो. पण नवशिका ती घाबरून उडवतो, बहुतेकदा मार खाऊन झाल्यावर, आणि तोवर समोरचा लांब गेलेला असतो. माझ्या निम्म्या पुड्या तरी रिकाम्या गवतावर गेल्या असतील.

हळूहळू ‘तो कुठे आहे’ हे विचारणं सुटलं. तो शेवटचा दिसला तेव्हा त्याच्यावर क्लिक करून माना (जादूचा साठा) बघायचा. विंड वॉकला 75 लागतो. त्याच्याकडे 60 असेल तर तो अदृश्य नाही, निव्वळ नजरेआड आहे. म्हणजे डस्ट राखून ठेवायची. माना भरपूर असेल तर त्याला कुठे येणं फायद्याचं आहे ते बघायचं. एकतर खाण, नाहीतर जखमी होऊन घरी परतणारा माझा एखादा सैनिक, नाहीतर मी राक्षस मारत असताना खाली पडणारी वस्तू. चौथी जागा कधी नसतेच म्हणा, चोरटेपणात ऑर्क खेळणारे फार सर्जनशील नसतात. (हे अनडेडवाल्याचं मत आहे.)

अनडेडचा अस्सल उपाय मात्र शेड. मुख्य इमारत वाढवून हॉल्स ऑफ द डेड झाल्यावर सॅक्रिफिशियल पिट बांधायचा आणि 75 सोन्याचा एक ॲकोलाइट त्यात पाठवायचा. बाहेर येते ती सावली: स्वतः कायमची अदृश्य, हाती शस्त्र नाही, पण अदृश्याला बघू शकणारी. खाण राखायला खाणीवरचाच एक माणूस द्यायचा, हा हिशोब मला बरेच दिवस पचला नव्हता.

शेड मी खाणीपाशी ठेवायचो, ती चूक होती. तिथे तो दिसेपर्यंत घाव पडलेला असतो. मग एकदा तिला वाटेच्या वळणावर उभी केली. थोड्याच वेळात ब्लेडमास्टर आला, काचेसारखा आरपार, आपण दिसतोय याची गंधवार्ता नसलेला. हात शिवशिवत होते. पण सैन्य वळवलं असतं तर तो तिथूनच परतला असता. माझे घूल, लाकूड आणणारेही आणि लढणारेही, झाडं तोडत होते, त्यांना तोडू दिलं. ॲकोलाइट जागचे हलवले नाहीत. शेडला त्याच्या मागोमाग चालवत आणलं. त्यानं पहिला घाव घातला, आणि तेव्हाच घूल झाडांकडून सोडले, चारी बाजूंनी.

त्यानं लगेच डब्ल्यू दाबला. तो पुन्हा काचेचा झाला, घुलांच्या रिंगणात, तसाच मार खात.